साखरेला ऋतू नसतो



चेन्नईत नव्या डॉक्टरकडे गेलात, की नाव आणि वय विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘शुगर इरुक्का?’ म्हणजे ‘शुगर आहे का?’ तमिळमध्ये मधुमेहाला ‘सक्करै नोय’ म्हणतात, साखरेचा रोग. आपल्याकडेही ‘मधुमेह’ हा शब्द आता कागदावरच राहिला. बोलताना आपण ‘त्यांना शुगर आहे’ एवढंच म्हणतो. स्वयंपाकघरातल्या डब्याचं आणि आजाराचं नाव एकच झालं आहे.

मी भूदलातून निवृत्त झालेला अधिकारी. ऐंशीच्या दशकात इथल्याच सेंट थॉमस माउंटजवळच्या प्रशिक्षण संस्थेतून कमिशन घेऊन बाहेर पडलो. आताची ओटीए, तेव्हाची ओटीएस. मग देशभर फिरलो आणि निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे पुन्हा चेन्नईलाच येऊन राहिलो. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. पण जवानांना काय खायला मिळतंय, ते वेळेवर पोचतंय का आणि ते खाऊन माणूस चालू शकतोय का, हे बघणं अनेक वर्षं माझ्या कामाचा भाग होता. त्या अनुभवावर आजचं बोलणं आहे.

सांगायची गोष्ट एकच आहे. साखर नुसती ‘सोडली’ म्हणून सुटत नाही. तिच्या जागी दुसरं काही आणून बसवलं, तरच ती हटते. आणि ते दुसरं काही म्हणजे त्या त्या मोसमातली ताजी फळं आणि भाज्या.

आधी प्रश्न केवढा आहे ते बघू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि चेन्नईचं मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांनी मिळून देशभर एक मोठी पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास माणसं त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये सगळ्यात वरचा आकडा गोव्याचा निघाला, २६.४ टक्के. म्हणजे दर चार प्रौढ माणसांमागे एक, किंबहुना थोडी जास्तच. माझे गोव्याचे श्रोते ऐकत असतील, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. बाकीच्यांनी, आपण मागे आहोत म्हणून खूश होऊ नये.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. मधुमेह केवळ साखर खाल्ल्यामुळे होतो, असं नाही. आनुवंशिकता असते, पोटाचा घेर असतो, बसून राहणं असतं. पांढऱ्या भाताचे डोंगर असतात. तोही पोटात गेल्यावर शेवटी ग्लुकोजच होतो. पण या सगळ्यांत आपल्या हातात सगळ्यात लवकर येणारी गोष्ट म्हणजे वरून घातलेली साखर. म्हणून सुरुवात तिथून.

आता आशेची बाजू, आणि तीही याच शहरातली. उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांवर चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूनं एक अभ्यास केला. त्याचे निकाल २००६ साली आले. काही जणांना फक्त नेहमीचा सल्ला दिला. काहींना खाणं आणि चालणं बदलायला लावलं: साखर टाळा, मैदा आणि तेल-तूप कमी करा, चोथा असलेलं अन्न वाढवा, रोज अर्धा तास चाला. काहींना मेटफॉर्मिनची गोळी दिली आणि काहींना दोन्ही. तीन वर्षांनी पाहिलं, तर पहिल्या गटातल्या १०० पैकी ५५ माणसांना मधुमेह झाला होता. खाणं-चालणं बदललेल्या गटात हा आकडा ३९ होता. गोळी घेणाऱ्यांचा आकडाही जवळपास तेवढाच, आणि दोन्ही करणाऱ्यांचाही तेवढाच. म्हणजे ताटातल्या आणि पायातल्या बदलानं गोळीइतकं काम केलं. अमेरिकेत नाही, युरोपात नाही. आपल्यासारखीच इडली, भात, कॉफी घेणाऱ्या माणसांमध्ये. शंभरातल्या त्या सोळा माणसांत आपण असावं, एवढीच माझी इच्छा आहे.

फौजेत कुठल्याही कामाआधी रेकी करतात. शत्रू कुठे आहे, किती आहे, हे आधी बघायचं. तर साखरेची रेकी करू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली मर्यादा सांगितली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसानं वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक चांगलं. घरातला सपाट चमचा ५ ग्रॅमचा धरला, तर जास्तीत जास्त १० चमचे आणि चांगले म्हणाल तर ५. या हिशेबात साखर, गूळ, मध, सरबतं आणि फळांचे रस सगळे येतात. अख्खं फळ येत नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एका साध्या दिवसाचा हिशेब. तीन कप चहा किंवा कॉफी, प्रत्येकी दोन चमचे: ३० ग्रॅम. सोबत चार गोड बिस्किटं. साध्या ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या चौथा हिस्सा साखर असते, म्हणजे आणखी सहाएक ग्रॅम. दुपारी उन्हातून आलो म्हणून कोल्ड्रिंकची छोटी बाटली, २५० मिलिलिटर: सुमारे २६ ग्रॅम. झाले ६२. यात मिठाईचा एक तुकडाही नाही. ‘मी गोड खातच नाही हो’ म्हणणाऱ्या माणसाचा हा दिवस आहे. डोशाबरोबरचं केचप, नाश्त्याचे तयार सिरियल, पाकिटातलं फ्लेवरवालं दही, यांतली साखर तर दिसतही नाही. पाकिटामागचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचायची सवय ठेवा.

साखरेशी माझं वैर नाही. फौजेत उंचावर गस्तीला निघालेल्या जवानाच्या खिशात शक्करपारे असतात. थंडीत, पाठीवर वजन घेऊन दिवसभर चढायचं, तर झटकन ताकद देणारं काहीतरी लागतंच. तिथे तो शक्करपारा अंगात जातो तसा जळून जातो. तोच शक्करपारा लिफ्ट असलेल्या इमारतीत, टीव्हीसमोर बसून खाल्ला, तर त्यानं जायचं कुठे? गस्त संपली, पण शिधा चालूच राहिला. माझ्या वयाच्या कितीतरी माजी सैनिकांचं दुखणं नेमकं हेच आहे.

माझ्या युनिटमध्ये माणदेशातला एक हवालदार होता. सियाचिनच्या ठाण्यावर राहून तो हातापायांची वीसच्या वीस बोटं घेऊन खाली उतरला. तिथे हिमदंशानं बोटं जाणं किती सोपं असतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याची किंमत कळेल. रोज मोजे बदलायचा, पाय कोरडे करायचा, बोटं चोळायचा. नव्या पोरांनाही करायला लावायचा. निवृत्त झाल्यावर गावाकडे एका गोदामावर रखवालदार म्हणून लागला. रात्रपाळी, बसून काम, झोप येऊ नये म्हणून सात-आठ कप गोड चहा. शुगर निघाली, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. चपलेचा खिळा पायाला लागला, पण कळलंच नाही. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली, की पायाच्या नसा बधिर होतात आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. जखम दुखत नाही आणि भरतही नाही. आधी दोन बोटं काढली, मग घोट्याच्या वरून पाय. मी भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, बर्फात सांभाळला आणि घरात घालवला.’ मला उत्तर सुचलं नाही. आज एवढा वेळ तुमच्यासमोर बसून बोलतोय, त्यामागे तो पाय आहे.

आता उपायाकडे येऊ. लष्करात एक साधा नियम असतो. जी चौकी रिकामी होते, ती कोणीतरी ताब्यात घेतंच. म्हणून शत्रूला हटवलं, की तिथे लगेच आपली माणसं बसवायची. साखर सोडणारे बहुतेक लोक चौकी रिकामी करतात आणि तशीच ठेवतात. सोमवारी ‘आजपासून गोड बंद’, बुधवारपर्यंत चिडचिड, शुक्रवारी कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. त्यात इच्छाशक्तीचा दोष कमी आणि रिकाम्या चौकीचा जास्त.

गोडाच्या दिवसात चार चौक्या असतात. पहिली सकाळच्या चहा-कॉफीची. दुसरी अकराच्या सुमाराची. तिसरी संध्याकाळी चार-पाचची. इथे तिला ‘टिफिन’ म्हणतात. आणि चौथी रात्री जेवणानंतरची, ‘तोंड गोड करायला काही आहे का?’ची. चारही एकदम घ्यायला जाऊ नका. एकेक घ्या.

पहिल्या चौकीवर थेट हल्ला चालत नाही, इथे हळूहळू सरकायचं. दोन चमच्यांवरून दीडवर या, पंधरा दिवस तिथे थांबा. मग एक, मग अर्धा. जीभ सवयीची असते. दोन-अडीच महिन्यांत ती स्वतःच बदलते आणि जुना चहा पाकासारखा लागतो. चेन्नईत बाहेर कॉफी मागताना ‘सक्करै कम्मी’ म्हणायचं. ‘कम्मी’ म्हणजे आपलं कमीच, त्यामुळे मराठी माणसाला पाठ करायला सोपं! आणि कॉफीसोबतची बिस्किटं मात्र पहिल्याच दिवशी उठवा.

दुसऱ्या चौकीवर एक पेरू किंवा एक छोटं केळं. तिसऱ्या चौकीवर काकडी, गाजर, मूठभर शेंगदाणे किंवा चणे आणि एक फळ. प्यायला कोल्ड्रिंकऐवजी पातळ ताक, ज्याला इथे ‘नीर मोर’ म्हणतात. कधी शहाळं. चौथ्या चौकीवर पपईच्या चार फोडी किंवा संत्र्याच्या फाका. एका वेळी फळ किती? आपल्या मुठीएवढं. बस्स.

इथे कोणीतरी विचारणारच, ‘कर्नलसाहेब, फळातही साखर असतेच ना?’ असते. पण पेरू चावून खायला पाच मिनिटं लागतात. त्यात पाणी असतं, चोथा असतो. त्या चोथ्यात अडकलेली साखर रक्तात हळूहळू उतरते आणि पोट भरल्याची जाणीव होते. त्याच फळाचा रस काढला, की चोथा चाळणीत राहतो आणि साखर पेल्यात येते. तीन-चार मोसंब्या आपण सलग सोलून खाणार नाही, पण त्यांचा रस दोन मिनिटांत पिऊन टाकतो. २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी १ लाख ८७ हजार लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासून हेच दाखवलं. अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद, खाणाऱ्यांमध्ये मधुमेह कमी आढळला आणि फळांचा रस पिणाऱ्यांमध्ये जास्त. तेव्हा फळ चावायचं, प्यायचं नाही.

आणि दुसरी पळवाट, गुळाची. चेन्नईत सध्या ‘नाट्टु सक्करै’ आणि ‘करुप्पट्टी’, म्हणजे ताडगुळाच्या कॉफीचं फार कौतुक आहे. आपल्याकडे गुळाचा चहा दुकानादुकानांत मिळतो. चव छान असते, मलाही आवडते. पण रक्ताला गूळ आणि साखर यांच्यात फारसा फरक कळत नाही. साखरेचे दोन चमचे काढून गुळाचे तीन घातले, तर शत्रूनं गणवेश बदलला एवढंच.

आता मोसमाबद्दल, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथे आहे. साखरेला ऋतू नसतो. बाराही महिने, चोवीस तास, त्याच भावात, त्याच डब्यात ती हजर. फळाला मात्र येण्याची वेळ असते आणि जाण्याचीही. आंबा कितीही आवडू दे, जुलैत तो निरोप घेतोच. निसर्गानंच लावलेलं हे रेशनिंग आहे. गोडाला मोसमाची वेसण आहे. आपल्या आज्या-पणज्यांना हे पक्कं ठाऊक होतं. कितीतरी घरांत तुळशीचं लग्न लागेपर्यंत बोरं, चिंचा, आवळे तोंडात घालायची परवानगी नसे. तोवर फळ झाडावर धरतं, पिकतं. कार्तिकात आवळीभोजन. पाडव्याला कडुनिंबाच्या पाल्याबरोबर गुळाचा खडा, तोही खडाच. इथे तमिळ नववर्षाला, एप्रिलच्या मध्यावर, कैरीची पच्चडी करतात. तिच्यात गूळ असतो आणि कडुनिंबाची फुलंही. दोन्हीकडे गोडाला कडूची सोबत दिलेली आहे.

आणि भोगी! संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण भोगी करतो, तमिळ लोकही त्याच दिवशी भोगीच म्हणतात. ते घरातलं जुनंपानं जाळतात, आपण भोगीची भाजी करतो. पावटा, ओला हरभरा, वांगी, गाजर, बोरं, उसाचे करवे, शेंगदाणे, तीळ. थंडीत शेतात जे जे उभं असतं ते एका कढईत, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. त्यात उसाचा गोडवा आहे आणि साखरेचा चमचा नाही. मोसमी आहाराचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही. मार्गळी महिन्यात तिरुवादिरैला इथे सात भाज्यांचं कूटु करतात, ते त्याचंच भावंडं म्हणा.

मोसमी घेण्याचा रोकडा फायदाही आहे. मालाची आवक वाढली, की भाव उतरतो आणि फळ झाडावर नीट तयार होऊन येतं. फेब्रुवारीत पिवळाजर्द आंबा दिसला, तर तो कसा पिकवला असेल याची शंका घ्या. कॅल्शियम कार्बाईडनं फळं पिकवायला आपल्या देशात बंदी आहे, तरी ती वापरली जातात. मोसमाची वाट पाहणं हा त्यावरचाही एक उपाय आहे.

चेन्नईचं माझं वर्ष सांगतो, तुमचं तुम्ही बनवा. जानेवारीत पोंगलला ऊस, रताळी, पावट्याच्या शेंगा आणि ताडाचे उकडलेले कोंब. फेब्रुवारी-मार्चपासून रस्त्याकडेला कलिंगडांचे ढीग. एप्रिल ते जून बंगनपल्ली, इमाम पसंद, मल्गोवा हे आंबे, पन्रुटीचे फणस आणि उन्हात काहिली होत असताना ‘नुंगू’, म्हणजे आपले ताडगोळे. मग जांभळं. पाऊसकाळाच्या आगेमागे सीताफळ, पेरू, डाळिंब. वर्ष सरताना आवळा आणि संत्री. केळी बाराही महिने. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना तर काय कमी आहे? नाशिकची द्राक्षं, जळगावची केळी, नागपूरची संत्री, जालन्याची मोसंबी, सोलापूरचं डाळिंब, पुरंदरचे अंजीर, बीडचं सीताफळ, घोलवडचे चिकू. या प्रत्येकाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आपण साखर कारखान्यांच्या राज्यातली माणसं. प्रवरानगरचा पहिला सहकारी कारखाना १९५० साली उभा राहिला, त्यानं शेतकऱ्याला उभं केलं, हे मी विसरत नाही. पण अंजीर आणि डाळिंब लावणाराही शेतकरीच आहे. आपला रुपया त्याच्याकडे वळला, तर गावाचं नुकसान नाही.

आता भाज्या. फळांचं कौतुक सगळे करतात, पण खरी लढाई भाज्या लढतात. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली दिवसाचं आदर्श ताट सांगितलं. त्यात फळं १०० ग्रॅम आहेत आणि भाज्या ४००. चौपट! हैदराबादच्या या संस्थेचं मूळ निलगिरीतल्या कुन्नूरला आहे. रॉबर्ट मॅकॅरिसन या लष्करी डॉक्टरनं १९१८ साली तिथे एका खोलीत काम सुरू केलं होतं. आपल्या ताटात ४०० ग्रॅम भाजी असते का? लोणच्याशेजारी दोन चमचे बटाट्याची भाजी असते. मग तासाभरानं पुन्हा भूक लागते आणि हात बिस्किटाच्या पुड्याकडे जातो. ताट भाजीनं भरलं, की संध्याकाळची गोडाची ओढ आपोआप निम्म्यावर येते. जेवताना आधी कोशिंबीर आणि भाजी, मग वरण, शेवटी भात-पोळी, असा क्रम ठेवून बघा.

ताजी भाजी ही चैनीची वस्तू नाही, हे मराठा पलटणींना फार मोठी किंमत देऊन कळलेलं आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुत अल अमारा इथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. त्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. सुरुवातीला पीठ होतं, पण ताजं काही नव्हतं. ब्रिटिश शिपाई घोड्याचं मांस खात होते. आपल्या बहुतेक जवानांनी बरेच दिवस त्याला हात लावला नाही. परिणाम असा, की हिंदी जवानांना स्कर्व्हीनं गाठलं. हिरड्यांतून रक्त, अंगात त्राण नाही, जखमा भरत नाहीत. गोळीनं नाही, भाजी नाही म्हणून. आपल्या घरासमोर रोज भाजीची गाडी उभी राहते, आणि आपण वेढ्यात असल्यासारखे पाकीट फोडून खातो.

चेन्नईची भाजी कोयंबेडूच्या घाऊक बाजारात उतरते. हा बाजार १९९६ साली सुरू झाला; त्याआधी तो जुन्या शहरात कोत्तवाल चावडीला भरायचा. नाव ऐकून मराठी कान टवकारतातच! इथले भाजीवाले दोन वर्ग करतात: ‘नाट्टु काय’ आणि ‘इंग्लिश काय’. म्हणजे देशी भाज्या आणि विलायती. गाजर, फ्लॉवर, फरसबी, बीट ही इंग्लिश, बरीचशी डोंगराकडून येणारी. आणि पडवळ, दोडका, दुधी, कोहळा, कारलं, शेवगा ही नाट्टु. जवळच पिकणारी, उन्हाला सरावलेली, बहुधा स्वस्त. त्यात रोजच्या रोज येणाऱ्या ‘कीरै’, म्हणजे पालेभाज्या. शेवग्याचा पाला आपण फेकून देतो, इथे त्याची जुडी विकत घेतात. आमच्या घरी सौ. आता केळीच्या खोडाची कोशिंबीर आणि केळफुलाची भाजी अशी करते, की शेजारच्या तमिळ मामी कृती विचारायला येतात. तुम्ही बंगळुरूत असा, बडोद्यात असा, इंदुरात असा. भाजीवाल्याला विचारा, ‘इथली गावठी भाजी कुठली?’ ती घ्या. महाराष्ट्रात पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी निघते, तेव्हा ती घ्या. ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईत मोठा पाऊस असतो. तेव्हा पालेभाज्या सडतात आणि महागतात. मग कंदमुळं आणि भोपळे खायचे, हट्ट धरायचा नाही.

काही सावधगिरीच्या सूचना. ज्यांना आधीच मधुमेह आहे, जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी कुठलाही बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. साखर एकदम खाली जाणंही धोक्याचं असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळी, शहाळं आणि काही भाज्या वर्ज्य असू शकतात. कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांची पूड घेतली म्हणून गोळी बंद करू नका. आणि आंबा फळ असला, तरी एका बैठकीत चार आंबे हा आहार नाही, तो पराक्रम आहे.

माझा स्वतःचा हिशेब द्यायला हवा. साठी ओलांडल्यावर माझं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आली. ५.७ ते ६.४ हा उंबरठ्याचा टापू. वर सांगितलेल्या चार चौक्या मी एकेक करून घेतल्या, सकाळचं चालणं वाढवलं. वर्षभरानं आकडा ५.८ होता. चमत्कार नाही, पण मागे सरकलेला आकडा आहे. वजन चार किलो उतरलं. कॉफी अजून घेतो, बिनसाखरेची.

सणावारांचं काय? पुरणपोळी होळीला खायची, मोदक चतुर्थीला, तिळगूळ संक्रांतीला. बिनधास्त. सणाचं गोड मोसमी फळासारखंच आहे. येतं आणि जातं. त्रास सणाचा नाही, रोज सण करण्याचा आहे. फक्त पाहुणचार थोडा बदलू. हळदीकुंकवाला, भिशीला, सोसायटीच्या सभेला पेढ्याच्या पुड्याऐवजी पेरू-संत्र्यांची टोपली ठेवून बघा. आमच्या इमारतीत पहिल्या वेळी लोक हसले. आता टोपली आधी रिकामी होते.

शेवटी नातवंडांबद्दल. दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग होतं, ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं. ते उठण्याच्या थोडं आधी आणि थोडं नंतर जन्मलेल्या माणसांची तुलना करणारा अभ्यास २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. आईच्या पोटात आणि पहिल्या एक-दोन वर्षांत ज्यांना कमी साखर मिळाली, त्यांच्यात पुढे म्हातारपणी मधुमेहाचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होतं. विचार करा. दोन वर्षांच्या बाळाच्या दुधात आपण प्रेमानं घातलेला चमचा त्याच्या साठीपर्यंत पोचू शकतो. तेव्हा आजी-आजोबांनो, खिशातलं चॉकलेट काढा आणि सोललेलं संत्रं ठेवा. लाड तेवढेच होतात.

तर काम असं. उद्या सकाळी पहिली चौकी निवडा; तुम्हाला सगळ्यात सोपी वाटेल ती. तिथलं गोड उठवा आणि त्याच जागी, त्याच वेळी, तुमच्या बाजारात या आठवड्यात सगळ्यात स्वस्त झालेलं फळ ठेवा. पंधरा दिवस तेवढंच. मग दुसरी. आठ आठवड्यांत चारही होतात. तुमच्या गावात, तुमच्या राज्यात या महिन्यात कुठलं फळ आणि कुठली भाजी येते, ते मला लिहून कळवा. झाशीपासून तंजावरपर्यंत मराठी माणूस पसरलेला आहे. आपण सगळे मिळून एक मोठी मोसमी दिनदर्शिका तयार करू.

नमस्कार. जय हिंद, जय महाराष्ट्र.